पहिले चार सेंटिमीटर

मंडळी, आधी एक कबुली देतो. माझी गाडी मी खाली बसवली ती केवळ दिसायला झकास दिसते म्हणून. वळणावर रस्त्याला चिकटून जाते, गुरुत्वमध्य खाली येतो, हे सगळं घरच्यांना नंतर सांगायला बरं पडतं. स्प्रिंगा बदलल्या, गाडी जेमतेम चार सेंटिमीटर खाली आली. पुढे ब्रेक पॅड बदलायचे म्हणून जॅक सरकवायला गेलो, तर तो आत जाईचना. बंपरच्या खालच्या ओठाला टेकून उभा! जॅकची बशी, म्हणजे गाडीला टेकतो तो वरचा गोल भाग, पूर्ण खाली उतरवली तरी जमिनीपासून १३ सेंटिमीटर, आणि ओठाखाली मोकळी जागा फक्त ९.

खाली बसवलेली गाडी घरी उचलताना जे अपघात होतात, त्यांचं मूळ या चार सेंटिमीटरमध्ये आहे असं माझं मत आहे. गाडीचं वजन तेच असतं, जॅक तोच असतो. पण जॅक आत जात नाही म्हटल्यावर माणूस जुगाड शोधायला लागतो. सगळ्यात लोकप्रिय जुगाड म्हणजे गाडीसोबत मिळालेला कात्रीसारखा जॅक कडेला लावायचा, एक कोपरा उचलायचा आणि खाली झालेल्या फटीतून चाकांवर सरकणारा मोठा ट्रॉली जॅक आत ढकलायचा. मीही केलंय. पण तो कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो, त्याचा पाया तळहाताएवढा असतो. शिवाय दुसरा जॅक वर जायला लागला की गाडीचा तोल बदलतो आणि पहिला जॅक तिरका व्हायला लागतो. तेव्हा हे नकोच.

सोपा उपाय फळ्यांचा. चार-साडेचार सेंटिमीटर जाडीच्या, टायरपेक्षा रुंद, दोन फूट तरी लांब अशा भरीव लाकडी फळ्या घ्या. चाकाकडचं टोक रंध्याने तिरकं करा. चाकांसमोर ठेवा, गाडी हळूच वर घ्या, झालं. अजून उंची हवी असेल तर वर दुसरा थर, पहिल्यापेक्षा फूटभर आखूड, पायरीसारखा. दोन्ही थर एकमेकांना स्क्रूने पक्के करा आणि शेवटी एक आडवी पट्टी ठोका, म्हणजे चाक पलीकडे उतरणार नाही. बाहेरून कोणी हात दाखवत असेल तर त्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर नाही.

मग तयार मिळणारे रॅम्प का नको? हिशोब करून बघा. पुढच्या चाकाच्या टेकण्यापासून बंपर ६० सेंटिमीटर पुढे आलाय, ओठ ९ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे साधारण साडेआठ अंशांचा चढ ती गाडी सहन करते. बहुतेक साध्या रॅम्पचा चढ याहून तीव्र असतो. चाक रॅम्पला टेकायच्या आधी बंपर टेकतो, आणि तो कडकन् आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढे सांगायची गरज नाही. फळी मात्र ओठाच्या खालून निघून जाते, म्हणून ती चालते.

लाकूडच का, विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे का नाहीत, असं कोणीतरी विचारतंच. काँक्रीट दाब चांगला सोसतं, पण ताण सोसत नाही. ठोकळ्याखाली एखादा खडा आला की वजन एका ठिकाणी एकवटतं, ठोकळा वाकू पाहतो आणि फुटतो. फुटण्याआधी सांगत नाही. लाकूड दबतं, कुरकुरतं, चिरतं, तुम्हाला वेळ देतं.

कमी उंचीचा, लो प्रोफाइल जॅक मिळतो, साडेसात ते नऊ सेंटिमीटरला बशी येणारा. असेल तर उत्तमच. पण त्यानेही सगळं सुटत नाही. गाडीच्या पुढून मधल्या क्रॉसमेंबरपर्यंत, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या तुळईपर्यंत, जॅक न्यायचा तर तो बराच आत जातो, आणि दांडा बंपरखाली येतो. मग दांड्याला पूर्ण हात मारता येत नाही, वीतभर वीतभर पंप करत बसावं लागतं. फळीवर चढवलेल्या गाडीला ही कटकट कमी होते. म्हणून लो प्रोफाइल जॅक असलेल्यांनाही मी फळ्या ठेवायला सांगतो.

आता जॅक हे काय प्रकरण आहे ते बघू. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलं की बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तुमचा जॅक तिचाच नातू. पंपाचा दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आणि उचलणारा चार सेंटिमीटरचा असेल तर जोर सोळा पट होतो, त्यावर दांड्याच्या तरफेचा फायदा वेगळा. एका हाताने गाडी उचलली जाते ती अशी. पण या साखळीतली शेवटची कडी एक रबरी सील आहे. तिला चीर गेली, तेलात कचरा आला, झडप नीट बसली नाही, की गाडी खाली. म्हणून जॅकने फक्त उचलायचं. धरून ठेवायचं काम स्टँडचं, म्हणजे उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या लोखंडी तिवईचं.

जॅकची आणखी एक सवय फार कमी जणांच्या लक्षात येते. त्याचा हात सरळ वर जात नाही, कंसात जातो. बशी वर येता येता दांड्याच्या बाजूला सरकते. म्हणजे गाडी उचलताना एक तर जॅक गाडीखाली आत सरकला पाहिजे, नाहीतर गाडी जॅककडे ओढली गेली पाहिजे. जॅकची लोखंडी चाकं गुळगुळीत फरशीवर आपोआप सरकतात. खडीवर, मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर ती रुततात, आणि मग गाडी ओढली जाते किंवा बशी जागेवरून घसरते. पंप मारताना माणसाची नजर गाडी किती वर आली यावर असते. माझं ऐकाल तर जॅकच्या चाकांकडे बघा.

आता माझी फजिती. मागची दोन्ही चाकं काढायची होती. जॅक मागे मधोमध लावला, हँडब्रेक कचकचून ओढला, गिअर न्यूट्रलला. मागची चाकं जमिनीवरून सुटली आणि गाडी शांतपणे पुढे निघाली, जॅकसकट! हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो. ती हवेत गेल्यावर हँडब्रेक धरणार काय, हवा? पुढची चाकं मोकळी, खाली जॅकची चाकं मोकळी. मी गाडीची हातगाडी करून ठेवली होती. वीतभर जाऊन थांबली ती फरशीचा उतार संपला म्हणून. माझ्या हातात तेव्हा स्टँड होता आणि दोन्ही पाय बाहेर होते, एवढंच नशीब.

तेव्हा मागचा भाग उचलायचा तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, पुढचा उचलायचा तर मागच्या चाकांना. गिअरवर विसंबू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवली आणि पुढचं एकच चाक उचललं, तर गिअर गाडी धरेल असं वाटतं. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दात्यांच्या जोडणीत, नाही धरत. जमिनीवरचं चाक पुढे फिरतं, हवेतलं तेवढंच उलटं फिरतं, आणि गिअरबॉक्स जागचा हलत नाही.

जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, मी सांगण्यात अर्थ नाही. एवढं सांगतो की दाराखालच्या सिलला पत्र्याची जी उभी कड असते, तिच्यावर पुढे आणि मागे खाचांनी दाखवलेली मजबूत जागा असते. तिथेच लावा, खाच असलेला रबरी ठोकळा मध्ये घालून. दोन बोटं इकडेतिकडे झालं तर कड मुडपते, आणि तिथला रंग उडाला की गंज सुरू. तेलाचा सम्प, गिअरबॉक्सचा तळ, सायलेन्सर, फ्लोअरचा पत्रा यांना बशी लावायची नाही. बॅटरीवरच्या गाड्यांमध्ये तर तळाला बॅटरीच असते, तिथे अंदाजपंचे अजिबात नको. एअर सस्पेन्शन असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर गाडी मध्येच स्वतःची उंची जुळवायला जाते.

स्टँड घेताना लेबल नीट वाचा. ‘३ टन’ हा आकडा पुष्कळदा जोडीचा असतो, एकाचा नाही. दाते असलेल्या स्टँडमध्ये खिट्टी दात्यात पूर्ण बसलीय का ते बोटाने चाचपून बघा. २०२० साली अमेरिकेत अशा स्टँडांची मोठी परतबोलावणी झाली, कारण उत्पादनाचे साचे झिजले होते आणि खिट्टी दात्यात पुरेशी बसत नव्हती. आडवी पिन घालायचे स्टँड दिसायला ओबडधोबड असतात, पण मला तेच आवडतात. पिन आरपार गेली की संशयाला जागा नाही. दोन्ही स्टँड एकाच उंचीला लावा, जॅक हळूहळू सोडा, आणि वजन स्टँडवर आल्यावर गाडीला बाजूने दणकून धक्का द्या. पडायची असेल तर आत्ता पडू दे. मग जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर घ्या आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा. चाकाचे नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच किंचित ढिले केलेले असावेत. स्टँडवरच्या गाडीला लांब पान्ह्याने हिसके मारायचे नाहीत.

इथपर्यंतचं बहुतेक कुठल्याही गाडीला लागू आहे. पण खाली बसवलेल्या गाडीच्या दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे आखूड स्प्रिंग. चाक हवेत लोंबकळलं की काही गाड्यांत स्प्रिंग सैल होते, हाताने फिरते. खाली घेताना तिचं टोक वाटीतल्या आपल्या जागी बसलंय का ते टॉर्च लावून बघा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ‘टण्’ वाजते.

दुसरी गोष्ट रबरी बुशांची. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा म्हणजे आर्म, आणि त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा म्हणजे बुश. आर्मचे बोल्ट चाक लोंबकळत असताना कसले, तर बुश त्या स्थितीत आवळला जातो आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो. काही महिन्यांत फाटतो, आणि आपण बुश बनवणाऱ्याला शिव्या देतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. बोल्ट कसण्याआधी जॅकने खालचा आर्म तेवढ्या अंतरापर्यंत वर घ्या. पण इथे सावध. ते अंतर गाठलं म्हणजे त्या कोपऱ्याचं जवळजवळ सगळं वजन आर्मवर आलं, आणि स्टँड मोकळा होऊ लागतो. एक डोळा स्टँडवर ठेवा. तो हलका होतोय असं दिसलं की थांबा, तिथेच बोल्ट कसा. हे करताना अंग गाडीबाहेर, फक्त हात आत.

आणि उतरवताना चाकांखाली फळ्या परत ठेवायला विसरू नका. काम झाल्याच्या आनंदात माझ्या एका मित्राने गाडी थेट जमिनीवर घेतली. जॅक खालीच राहिला, दांड्यावर बंपरचा ओठ टेकला, आणि तो बाहेर काढायला दुसरा जॅक मागायला तो माझ्याकडे आला. फळ्यांवर उतरवा, जॅक काढा, नट टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेतल्या आकड्याला कसा, मग मागे घ्या. गाडी उंच दिसेल. घाबरू नका. लोंबकळताना चाकं आत ओढली गेलेली असतात आणि टायर जमिनीला धरून बसतात. चार पावलं पुढे, चार पावलं मागे घेतली की ती आपल्या जागी बसते, मग फेंडरचं अंतर मोजा.