आधी भिंतीतलं व्होल्टेज मोजा

मंडळी, जुना हॅम सेट, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा व्हॉल्व्हवर चालणारा संच, टेबलावर आला की आपण मॅन्युअल उघडतो. व्हॉल्व्हच्या प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाला) ३०० व्होल्ट, हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ असे आकडे त्यात छापलेले असतात, मीटर भलतंच दाखवतं आणि चांगला व्हॉल्व्ह (काचेची रेडिओ-नळी) भंगारात जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाहीत.

सेटला हात लावण्याआधी प्लगमधलं व्होल्टेज मोजा आणि वहीत लिहा. आपल्याकडे ते दिवसभर हलत असतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागांचे पंप सुरू झाले की कधी १९० दिसतं, रात्री उशिरा २५०. या सेटांच्या साध्या सप्लायमध्ये रेग्युलेशन, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवायची सोय, नसतं. भिंतीत जितके टक्के फरक, साधारण तितकाच आत. २३०ला ६.३ असलेला हीटर २५०ला ६.८५ होतो, प्लेटचे ३०० होतात ३२६. हीटरला दहा टक्क्यांची सवलत असते, म्हणून हे निभावतं. पण १९०ला हीटरवर जेमतेम ५.२ उरतात, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) पुरेसा तापत नाही, पॉवर पडते आणि आपण म्हणतो, ८०७ नंबरचा व्हॉल्व्ह बसला!

अमेरिकन सेटाचं आणखी एक. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून ११७ व्होल्ट दिले तरी ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. भुसावळच्या मे महिन्यात तर त्याच्यावर लक्ष ठेवाच.

आता मीटर. जुन्या मॅन्युअलमधले आकडे कोणत्या मीटरने घेतले, ते त्यात बहुधा लिहिलेलं असतं. ती ओळ वाचा. १००० ओहम प्रति व्होल्टचं मीटर २५०च्या रेंजवर म्हणजे अडीच लाख ओहमचा रेझिस्टर. ४७० किलोओहममधून येणाऱ्या प्लेटवर तो लावला की मीटरच व्होल्टेज पाडतं. आपलं डिजिटल मीटर १० मेगओहमचं, ते जास्त दाखवणारच. तो बिघाड नव्हे.

खरा बिघाड आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल येतो त्या जाळीवर) सापडतो. तिथे शून्य किंवा वजा हवं. अधिक दोन व्होल्ट दिसले तर, हीटर समांतर असतील तेव्हा, बंद करून व्हॉल्व्ह काढा, पुन्हा मोजा. व्होल्टेज राहिलं तर कपलिंगचा पेपर कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल आणणारा) गळतोय. गेलं तर व्हॉल्व्ह संशयित.

आणि जिवाचं. हीथकिट एचडब्ल्यू-१०१ या हॅम सेटच्या सप्लायमध्ये ८०० व्होल्टच्या आसपास असतात. ४० मायक्रोफॅरडचा फिल्टर कंडेन्सर तेवढ्याला भरला की सुमारे १३ ज्यूल साठतात. ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर) तुटला असेल तर खटका बंद केल्यावरही ते तसेच राहतात. इन्सुलेटेड दांडीवरच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मग मीटरने खात्री करा. काळी लीड चेसिसला क्लिप करा, दुसरा हात खिशात.

मघाशी कुणी विचारलं, सीरिज बल्ब (सेटच्या वीजपुरवठ्यात ओळीने जोडलेला) लावून मोजलं तर? बल्ब शॉर्ट ओळखायला उत्तम. लख्ख पेटला की लगेच बंद करा. पण तो थोडं व्होल्टेज स्वतः खातो, म्हणून वहीतले आकडे बल्ब काढल्यावरच घ्या.