बिनतारणी तिकिटं

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर हे यात्रा कंपनीचं ऑफिस. दोन टेबलं, भिंतीवर दल सरोवरातला शिकारा. ते चालवणाऱ्या मॅडमनी कपाटातून काढलेली ही निळी फाईल बघा. आत बावीस तिकिटांचे प्रिंट: श्रीनगर ते मुंबई, 5 मे 2023, गो फर्स्ट या विमान कंपनीची.

2 मे, मंगळवार. मंडळी पहलगामला जेवायला बसलेली. सोबत नेलेल्या स्वयंपाकी महाराजांनी पिठलं-भाकरी केली होती. ठाण्याहून टूर मॅनेजरला फोन आला, "अरे, बातम्या बघ आधी. गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केलाय." शिरा वाढून होईपर्यंत तो कुणाला काही बोलला नाही.

सुरुवातीला वाटलं, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. मग उड्डाणं रद्द असल्याची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. ती विमानं पुन्हा उडालीच नाहीत.

इकडे मे महिना, मुलांना सुट्ट्या, श्रीनगरहून निघणारी बाकीची विमानं भरलेली आणि उरलेल्या जागांचे भाव भडकलेले. एका आजींच्या बीपीच्या गोळ्या दिवस मोजून आणलेल्या. शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या चौघांना मिळेल त्या भावाने विमानात बसवलं. बाकीचे रामबनच्या घाटातून जम्मूला, आणि तिथून रेल्वेने दीड दिवस.

कंपनीने बोट दाखवलं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांकडे. इंजिनांअभावी 25 विमानं, म्हणजे जवळपास निम्मा ताफा, जमिनीवर आहे, असं तिचं म्हणणं. इंजिन कंपनीला ते मान्य नव्हतं. पहलगामला अडकलेल्या माणसाला या भांडणाचा काय उपयोग?

त्याचा प्रश्न एकच, पैसे कधी मिळणार? आणि इथेच खरी मेख आहे. आगाऊ काढलेलं तिकीट म्हणजे आपण कंपनीला दिलेलं बिनतारणी कर्जच. 10 मे रोजी कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि वसुलीला स्थगिती लागली. आता रिफंड मागायचा नाही, दावा दाखल करायचा. रांगेत पुढे तारण असलेल्या बँका आणि कामगारांची देणी. बँकांचीच रक्कम सुमारे साडेसहा हजार कोटी. प्रवासी पार मागे.

विमानं विकून पैसे येतील म्हणावं, तर ती भाड्याची. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने 54 विमानांची नोंदणी रद्द करून ती मालकांकडे जायला वाट मोकळी झाली. जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात गेली, म्हणजे असेल ते विकून कायमची बंद करायला निघाली.

ब्रिटनमध्ये 2017 साली मोनार्क ही विमान कंपनी बुडाली, तेव्हा तिथल्या नागरी उड्डाण यंत्रणेने भाड्याची विमानं पाठवून सुमारे 85,000 प्रवासी घरी आणले. आपल्या बावीस जणांसाठी धावली ती नौपाड्यातली ही एक बाई.

क्रेडिट कार्डवाल्यांना निदान बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवायची सोय असते. मॅडमनी ग्रुपची रक्कम खात्यातून थेट भरलेली. तरी पुढच्या दोन तुकड्यांना त्यांनी पदरचे पैसे परत केले. का? "गावदेवीला भाजी आणायला गेले तरी चारजण भेटतात हो. तोंड कसं दाखवणार?"

फोन वाजतो. काश्मीरची चौकशी. पूर्वी लोकांचा पहिला प्रश्न असायचा, जेवण आपलं मिळेल ना? आज पलीकडचे काका विचारतात, "विमान कुणाचं?"

मॅडम नाव सांगतात. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"आणि ट्रेनने किती होतील?"