जबाब कोणी द्यायचा?

(दृश्य: ६ डिसेंबर, शिवाजी पार्क, दादर)

चैत्यभूमीकडे जाणारी रांग पुढे सरकते आहे, आणि मैदानातल्या पुस्तकांच्या स्टॉलपुढेही तेवढीच गर्दी आहे. एक आजी पातळशी पुस्तिका उचलून मागच्या पानावरची किंमत नातीकडून वाचून घेतात आणि कमरेच्या पिशवीतून नोटा काढतात. पुस्तिकेत आहे जातिनिर्मूलनावरील, १९३६ साली लिहिलेले भाषण, जे बाबासाहेबांना देताच आले नव्हते.

(दृश्य: राजगृह, हिंदू कॉलनी)

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी बोलावले होते. पण वेदशास्त्रांवरील टीका मंडळाला खटकली, आणि आपण स्वल्पविरामही बदलणार नाही असे बाबासाहेबांनी स्पष्ट कळवल्यावर अधिवेशनच रद्द झाले. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. किंमत आठ आणे होती. ती दोन, निदान चार आणे असावी, असे गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात सुचवले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

त्याच लेखनात गांधीजींचा आक्षेपही होता: धर्माची पारख त्याच्या सर्वांत वाईट अनुयायांवरून नव्हे, तर त्याने घडवलेल्या सर्वोत्तम माणसांवरून व्हावी. बाबासाहेबांनी हे तत्त्व मान्य करूनही विचारले की, मग वाईट इतके जास्त आणि चांगले इतके थोडे का? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आम्हाला तरी आजवर आढळलेले नाही.

(दृश्य: पुस्तिकेची पाने)

मूळ भाषणातील युक्तिवाद याहून खोल आहे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, म्हणून त्याच्या कृतीची जबाबदारी त्याच्याकडे राहते. नियम मात्र काय करायचे तेच ठरवून देतो, आणि धर्म निव्वळ नियमांचा झाला की धार्मिक कृतीचे सार असलेली ही जबाबदारीच मरते. म्हणूनच बाबासाहेबांच्या मते जात पाळणारी माणसे दुष्ट नव्हती. ती धर्मनिष्ठ होती, आणि दोष त्यांना जात शिकवणाऱ्या शास्त्रांचा होता.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये याच मुंबईत धर्माच्या नावाने झालेल्या दंगलींत, त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले. शेजाऱ्याचे घर जाळणाऱ्याला तसा नित्यनियम कोणी घालून दिलेला नव्हता, त्यामुळे ते पाप आधी त्याचे आणि त्याला चिथावणाऱ्याचे. पाणवठ्यावरचा विटाळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या नियम म्हणून शिकवला गेला, आणि जो धर्म आज्ञा देतो त्याला आज्ञापालनाच्या परिणामांतून अंग काढून घेता येत नाही, मग तो कोणताही धर्म असो.

(दृश्य: चैत्यभूमी, समुद्राच्या बाजूने)

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५च्या कायद्याने ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरवली, आणि ती शिकवणाऱ्या धर्माचा त्याग करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.