चेरीच्या खोडाची तोफ

ही तोफ लाकडाची आहे. नीट बघा. चेरीचं जाडजूड खोड आतून पोखरलंय, आत धातूची नळी सरकवलीय, आणि पिंपाला मारतात तशा लोखंडी पट्ट्या बाहेरून ठोकून बसवल्यात. १८७६ च्या वसंतात बल्गेरियातल्या डोंगरगावांनी ओस्मानी साम्राज्याशी लढायला अशा तोफा घडवल्या.

तोफ ओतायला कारखाना लागतो, आणि कारखाने सुलतानाचे. गावाकडे झाडं होती, लोहार होते, सुतार होते. काही तोफा बार काढतानाच फुटल्या. तरीही हिला कोणी खेळणं म्हणू नये. जवळजवळ पाचशे वर्षं परक्या राज्यात काढलेली माणसं शिपायांची नजर चुकवून रात्री हे काम करत होती.

यामागे कितीतरी वर्षांची तयारी होती. क्रांतिकारक वासिल लेव्हस्कीनं गावोगाव गुप्त समित्या उभारल्या. १८७३ साली त्याला सोफियात फाशी दिलं, पण जाळं उरलं. ते ज्यांनी पुढे विणलं त्यांचे व्यवसाय बघा. गेओर्गी बेंकोव्स्की मूळचा शिंपी. तोदोर काब्लेश्कोव्ह बेलोवोच्या रेल्वे स्टेशनवर नोकरीला होता. पेरुश्तित्साचा कोचो चेस्तिमेन्स्की जोडे शिवायचा.

ही ओबोरिश्तेची राई. एप्रिलच्या मध्यावर गावोगावचे प्रतिनिधी इथे झाडांखाली जमले आणि उठावाची तारीख ठरली, जुन्या पंचांगाप्रमाणे १ मे. त्यांच्यातल्याच एकानं जाऊन सरकारला खबर दिली.

(दृश्य : कोप्रिव्हश्तित्सा, निळी-पिवळी घरं, दगडी पूल)

काब्लेश्कोव्हला पकडायला शिपाई आले ते या गावात. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्याच पंचांगाप्रमाणे २० एप्रिलला, म्हणजे आजच्या २ मेला, या पुलापाशी पहिली गोळी सुटली. काब्लेश्कोव्हनं लगोलग पानाग्युरिश्ते गावाला चिठ्ठी धाडली आणि तिच्यावर मारल्या गेलेल्या शिपायाच्या रक्तानं क्रूस काढला. ‘रक्ताचं पत्र’ म्हणून ती आजही ओळखली जाते. चिठ्ठी हाती पडली त्याच दिवशी पानाग्युरिश्ते उठलं.

तिथल्या मुलींच्या शाळेत रायना पोपगेओर्गिएवा शिकवत होती. वय वीस. बेंकोव्स्कीनं तिला झेंडा शिवायला सांगितला. रेशमी कापड, सोनेरी धाग्यानं भरलेला सिंह, आणि शब्द : ‘स्वातंत्र्य किंवा मरण’. ती स्वतः तो झेंडा घेऊन घोड्यावरून गावातून फिरली. लोक तिला राजकन्या म्हणू लागले. पुढे तुरुंगवास झाला, मग मॉस्कोत जाऊन ती सुईणीचं शास्त्र शिकली. मूळ झेंडा उरला नाही. १९०१ साली, उठावाच्या पंचविसाव्या वर्षी, तिनं तसेच झेंडे पुन्हा शिवून दिले.

आता दिसतोय तो दरवर्षी मेच्या सुरुवातीला कोप्रिव्हश्तित्सात होणारा प्रयोग. गावकरीच बंडखोर होतात, तोच पूल, तेच रस्ते. हा उत्साह वरवरचा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचं काम ते लोक करून बघतात.

उठाव काही आठवड्यांत मोडला. क्लिसुरा गाव जळलं, पानाग्युरिश्ते जळलं. कोप्रिव्हश्तित्साच्या श्रीमंतांनी बंडखोरांना आवरलं, सैन्याला पैसे चारले, म्हणून ही घरं आज उभी आहेत. बेंकोव्स्की बाल्कनच्या डोंगरात मारला गेला. काब्लेश्कोव्हनं कैदेत स्वतःला संपवलं.

(दृश्य : बाताकचं चर्च. निवेदन नाही.)

उठावात सामील झालेल्या बाताक गावात हजारो माणसं मारली गेली. अमेरिकन पत्रकार मॅकगाहन तिथे पोहोचला आणि त्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘डेली न्यूज’नं छापला. युरोप हादरला. पुढच्याच वर्षी रशिया युद्धात उतरला, आणि शिप्का खिंडीत बल्गेरियन स्वयंसेवक रशियनांच्या खांद्याला खांदा लावून लढले. ३ मार्च १८७८ ला रशिया आणि ओस्मानी साम्राज्यात सान स्तेफानोचा तह झाला, आणि त्यात बल्गेरियाचा नकाशा आखला गेला. तो दिवस आज बल्गेरियाचा राष्ट्रीय दिन आहे.

चार महिन्यांनी बर्लिनमध्ये युरोपच्या महासत्तांनी तो नकाशा कापला. पानाग्युरिश्ते, कोप्रिव्हश्तित्सा, क्लिसुरा ही गावं पूर्व रुमेलिया या नावाखाली सुलतानाच्याच छत्राखाली राहिली. १८८५ साली ती बल्गेरियाला जोडली गेली. ते एकीकरण घडवणाऱ्या समितीचा पुढारी होता झहारी स्तोयानोव, १८७६ साली बेंकोव्स्कीच्या घोडदळात असलेला एक पूर्वीचा मेंढपाळ.