फूल, दोन पानं आणि पेन्सिलीची फुली

अध्यक्षबाई, वाचनालयाची सगळी मंडळी आणि कामाच्या दिवशी संध्याकाळ राखून आलेले श्रोतेहो, नमस्कार.

ओळख करून देताना 'या सात वर्षं इंग्लंडला होत्या' असं सांगितलं गेलं. मी एडिंबरात होते, म्हणजे स्कॉटलंडमध्ये. ही दुरुस्ती आधी करते, कारण आजचा विषय, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा वाद, तिथूनच सुरू होतो. माझी मामी दर दिवाळीला पत्र पाठवायची आणि पत्त्याच्या शेवटी ठसठशीत 'इंग्लंड' लिहायची. एका वर्षी आमच्या पोस्टमनने त्यावर निळ्या बॉलपेनने काट मारली, खाली 'स्कॉटलंड' लिहिलं आणि पाकीट हातात देत म्हणाला, "घरी सांगा, आम्ही त्यांचे शेजारी." हसा, मीही हसले होते. पण त्याच रात्री मामीला फोन करून पत्ता बदलायला लावला. तुमच्यापैकी ज्यांनी द्विभाषिक मुंबई राज्याची चार वर्षं पाहिली आहेत, त्यांना ती काट का मारली हे समजावून सांगायला नको.

१७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या पार्लमेंट एक झाल्या. राजा त्याआधी शंभर वर्षांपासून एकच होता. हे मीलन करार करून झालं, आणि त्या करारात स्कॉटलंडने आपली न्यायालयं, आपला कायदा, आपलं चर्च राखून ठेवलं. पार्लमेंट तेवढी गेली. ती परत मिळवायला लोकांना १९९९ साल उजाडावं लागलं. मधला एक टप्पा सांगितलाच पाहिजे, कारण तो अन्याय मला अजून सलतो आणि मी तेव्हा तिथे नव्हतेही. १ मार्च १९७९ ला सार्वमत झालं. ५१.६ टक्के लोकांनी स्वतःची विधानसभा हवी म्हणून मत दिलं. तरी मिळाली नाही! वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश पार्लमेंटने, कायद्यातच अट घातली होती की एकूण मतदारयादीच्या ४० टक्के होकार हवेत. भरले ३२.९. म्हणजे जो घरी बसला तो नकारात, आणि जो मेला पण यादीत राहिला तोही नकारात. पुढे अठरा वर्षं थांबावं लागलं. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के होकार आले, तेव्हा तो विषय मिटला.

लंडनने असे अधिकार एडिंबराकडे सोपवण्याला 'डिव्होल्यूशन' म्हणतात. ते चालतं कसं? आपल्याकडे तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची आणि समवर्ती. जे कुठल्याच यादीत नाही ते केंद्राचं. तिथे उलट आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यात फक्त लंडनने स्वतःकडे राखलेल्या गोष्टींची यादी आहे: परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन, स्थलांतर, प्रसारण, राज्यघटना. यादीत जे नाही ते आपोआप एडिंबराचं. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्याय, शेती, घरं, सगळं. हे कागदावरचं तत्त्व औषधाच्या दुकानात कसं दिसतं? बेरिक हे गाव एडिंबराहून रेल्वेने पाऊण तासावर, पण हद्दीपलीकडे, इंग्लंडात. तिथे माझी एक मैत्रीण राहायची. २०१४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ती ८ पौंड ५ पेन्स मोजायची. मी काहीच देत नव्हते. आजार एक, गोळी एक, आरोग्यसेवेचं नावही एक, पण तिच्यासाठी निर्णय लंडनमध्ये झाला होता आणि माझ्यासाठी एडिंबरात.

इथपर्यंत ऐकून वाटेल की आपल्या राज्यांपेक्षा त्यांचं बरं चाललंय. आता त्याच कायद्याच्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवते. पहिलं कलम म्हणतं, 'स्कॉटिश पार्लमेंट असेल.' बस, इतकंच. डोनाल्ड ड्यूअर यांनी हा कायदा पार पाडला, तेच पुढे स्कॉटलंडचे पहिले फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, झाले, आणि ही ओळ त्यांची फार लाडकी होती. पुढे अठ्ठाविसाव्या कलमाच्या सातव्या पोटकलमात म्हटलंय की यामुळे स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या ब्रिटिश पार्लमेंटच्या अधिकाराला बाधा येत नाही. एका हाताने वाटी भरून साखर दिली आणि दुसऱ्या हाताने सांगितलं, वाटी आमचीच आहे. आपल्या सातव्या अनुसूचीला हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. आपली वाटी लहान असेल, पण ती घरची आहे. त्यांची मोठी आहे, आणि उसनी आहे. आज मला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याभोवतीचं.

आता १८ सप्टेंबर २०१४, स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं का, या सार्वमताचा दिवस. या दिवसाबद्दल मी जरा सावकाश बोलणार आहे.

त्या सार्वमतात मी मत दिलं. भारतीय पासपोर्टवर! स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क होता, युरोपीय संघाच्या नागरिकांना होता, आणि पहिल्यांदाच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही होता. उलट, स्कॉटलंडात जन्मून लंडनला नोकरी करणाऱ्याला नव्हता. तुमचे आजोबा कुठले हे कुणी विचारलं नाही, तुम्ही आज कुठे राहता एवढंच पाहिलं. राष्ट्र कोणाचं, या प्रश्नाला मला माहीत असलेलं हे सगळ्यात मोकळं उत्तर आहे.

आम्ही एडिंबराच्या लीथ भागात एका जुन्या दगडी इमारतीत राहायचो. वरच्या मजल्यावर एक वयस्कर जोडपं होतं. आजोबांच्या खिडकीत 'येस'चं पोस्टर आणि आजींच्या खिडकीत 'नो थँक्स'. खिडक्या एकाच दिवाणखान्याच्या. आजी मला जिन्यात म्हणाल्या, "पन्नास वर्षं एका घरात काढली, एका मतासाठी कोण भांडतंय." पण भांडण होतं. चलन कुठलं वापरायचं, पेन्शन कोण देणार, उत्तर समुद्रातलं तेल किती वर्षं पुरणार, यावर त्या जिन्यात मी जेवढी चर्चा ऐकली तेवढी पुढे कुठल्याच निवडणुकीत ऐकली नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री माझ्या आजीचा फोन आला, पेडण्याहून. तिने विचारलं, "तुमच्याकडे फूल कोणतं आणि पानं कोणती?"

हे कळायला तुम्हाला १६ जानेवारी १९६७ आठवावा लागेल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. आजी तेव्हा तिशीत होती. तिने फुलाला मत दिलं. फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी फूल हरलं. आजी सांगते, त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन पानांना मत दिलेला शेजारी नेहमीसारखा आमच्याच विहिरीवर पाण्याला आला, आणि आजीने त्याला कळशी भरून दिली. हे सांगताना तिचा आवाज अजून बदलतो. आपण महाराष्ट्रातले लोक गोव्याकडे 'निसटलेला' प्रदेश म्हणून पाहतो. आजीने तसं कधी पाहिलं नाही. तिला विचारलं गेलं होतं, आणि तिचा पक्ष हरला होता. न विचारता ठरवणं ही निराळी गोष्ट आहे. इथे कुणी बेळगावकडचे असतील तर त्यांना तो फरक ठाऊक आहे.

सकाळी सातला मी मतदान केंद्रावर गेले. प्राथमिक शाळेचा हॉल, भिंतीवर पोरांनी रंगवलेले मासे, कडेला सरकवलेल्या बुटक्या खुर्च्या. बोटाला शाई नाही. ओळखपत्रही मागितलं नाही, नाव आणि पत्ता सांगितला. कागदावर एक प्रश्न: 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' खाली दोन चौकोन. आडोशात दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. तीनशे सात वर्षांच्या संसाराचा निकाल मुलांच्या शाळेतल्या शिसपेन्सिलीने लावायचा! माझा हात थरथरला. माझ्या पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. फुली मारून आल्यावर तिने कागद दोनदा उलगडून पाहिला आणि मगच पेटीत टाकला.

मी 'नाही'वर फुली मारली, हे लपवत नाही. चलनाचं उत्तर मला पटलं नव्हतं. ८४.६ टक्के मतदान झालं. पहिला निकाल क्लॅकमॅननशरचा, रात्री दीडच्या सुमारास, आणि तो नकाराचा. शेवटी २०,०१,९२६ नकार, १६,१७,९८९ होकार. ग्लासगो आणि डंडीसह चारच विभाग होकाराचे. सकाळी वरच्या आजींनी स्वतःचं पोस्टर काढलं. आजोबांचं ठेवलं. म्हणाल्या, "त्याचं तो काढेल."

आजीला फोन केला, "पानं जिंकली." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग पुन्हा विचारतील का?"

ही चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. 'स्वातंत्र्याच्या वादाचं भवितव्य' हा जाहीर केलेला विषय आता घाईने मांडावा लागणार, तुम्ही सांभाळून घ्या.

एक गोष्ट गोव्यात आणि स्कॉटलंडमध्ये सारखीच घडली. १९६७ मध्ये कौल हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अडीच महिन्यांच्या आत निवडणूक जिंकला, तीसपैकी सोळा जागा घेऊन, आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. स्कॉटलंडमध्ये सार्वमत हरलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने मे २०१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. आपला प्रश्न हरला तरी आपली माणसं जवळची, असं लोकांनी दोन्हीकडे सांगितलं. गोव्याचा प्रश्न देश सोडण्याचा नव्हता, हे मी विसरलेले नाही. पण गोव्यात तो प्रश्न विझत गेला, आणि १९८७ मध्ये गोवा पूर्ण राज्य झालं. वाटी घरची झाली.

स्कॉटलंडमध्ये विझला नाही. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात तिथल्या ६२ टक्के लोकांनी युरोपीय संघात राहायचं म्हटलं, तरी बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी नवा कायदा झाला: स्कॉटिश पार्लमेंट कायमची आहे, आणि लंडन तिच्या विषयांवर तिच्या संमतीशिवाय 'सामान्यतः' कायदे करणार नाही. या 'सामान्यतः' शब्दावर सगळं अडलं. २०१७ मध्ये ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा राजकीय संकेत आहे, तो आम्ही राबवू शकत नाही. २०१८ मध्ये ब्रेक्झिटच्या कायद्याला स्कॉटिश पार्लमेंटने ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली. कायदा झालाच. आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय एडिंबराला दुसरं सार्वमत घेता येणार नाही, नुसतं सल्ल्यापुरतंही नाही.

कायद्याच्या वाचनात न्यायालय चुकलं असं मी म्हणत नाही. सार्वमत पिढीतून एकदाच, ही विरोधकांची बाजूही मला कळते. दर पाच वर्षांनी देश पणाला लावता येत नाही. माझं म्हणणं इतकंच की मग ते कायद्यात लिहा. उत्तर आयर्लंडसाठी लिहिलं आहे. तिथल्या १९९८ च्या कायद्यानुसार, बहुमत आयर्लंडशी जोडलं जाण्याच्या बाजूने असेल असं दिसलं तर मंत्र्याने कौल घ्यायलाच हवा, आणि एकदा घेतल्यावर सात वर्षं पुन्हा नाही. वाट आहे, वाटेवर फाटक आहे, फाटक कधी उघडेल हेही लिहिलं आहे. स्कॉटलंडला फाटक दाखवलंय, किल्ली कोणत्या दिवशी मिळेल हे कुठेच लिहिलेलं नाही. मी 'नाही' म्हटलेली बाई आहे, आणि उद्या पुन्हा विचारलं तर काय म्हणेन ते मी विचार करून ठरवीन. पण विचारायचं की नाही हे हरलेल्या बाजूनेही ठरवू नये आणि लंडनच्या मर्जीवरही राहू नये, ते आधी छापलेलं असावं. आजीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी 'माहीत नाही' म्हणाले होते. तेव्हा कायद्यातही तेच उत्तर होतं, आणि आजही आहे.

दुसरी चिठ्ठी आली. चलन, तेल आणि लंडनहून येणाऱ्या पैशाचं बार्नेट सूत्र, हे तिन्ही राहिलं. अध्यक्षबाईंकडून प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं मागून घेते. तिथून विचारा.