कोळशाची गाडी आणि कोलोनची पोरं

श्रोतेहो, नमस्कार. थंडी पडलीय, म्हणून आज कोळशाची गोष्ट. कोळसा आणि पोरं.

जर्मनीतलं कोलोन शहर, 1946 चा हिवाळा. युद्ध संपून दीड वर्ष झालेलं. बॉम्बफेकीत शहराचा मधला भाग जवळजवळ सपाट. त्यात कॅथेड्रलचे दोन मनोरे तेवढे उभे. कुणाचा बाप युद्धात गेलेला, कुणाचा अजून युद्धकैदी. पोरं तळघरांत राहायची आणि सैनिकांनी टाकलेली सिगारेटची थोटकं वेचायची. त्यातली तंबाखू काढून नवी सिगारेट वळली, की काळ्या बाजारात तेच नाणं. थोटूक म्हणजे पैसा, हे लक्षात ठेवा. आणि कोळसा म्हणजे जीव.

कोळशाची मालगाडी सिग्नलला थांबली, की दोघं-तिघं वाघिणीवर चढायची आणि कोळशाच्या विटा खाली ढकलायची. खालची पोरं त्या पोत्यात भरायची. गाडी हलली की पसार! शेगडीसाठी कोळसा आम्हीही आणलाय, पण वखारीतून, पैसे मोजून. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला ती चव नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार. असो.

तर 31 डिसेंबर 1946, वर्षाची शेवटची संध्याकाळ. रील भागातलं सेंट एंगेलबर्ट चर्च. प्रवचनाला उभे कोलोनचे आर्चबिशप, कार्डिनल योझेफ फ्रिंग्स. कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चमधले पोपच्या खालोखालचे धर्मगुरू. बोलता बोलता विषय आला बायबलातल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेवर. ते म्हणाले, जीव आणि तब्येत राखायला जे लागतं, आणि काम करून किंवा विनवणी करून जे मिळत नाही, ते या दिवसांत गरजवंतानं घेतलं तर चालेल.

घेतलं तर चालेल! खुद्द कार्डिनल म्हणाले!

ते पुढेही बोलले बरं का. पुष्कळ ठिकाणी हद्द ओलांडली गेलीय, गैर मार्गानं घेतलेलं परत करा, असंही सांगितलं त्यांनी. पण ते कोण ऐकतो? आपल्याकडे बुवा दोन तास कीर्तन करतात, माणूस सोयीचं तेवढं घरी नेतो.

आणि कार्डिनलांच्या नावाचं चक्क क्रियापद झालं, ‘फ्रिंग्सन’. मराठीत आणायचं तर, कोळसा चोरला नाही हो, फ्रिंग्सला!

वेळ संपत आली, थोटकांचा बाजार राहिलाच. थोडक्यात सांगतो. 20 जून 1948 ला नवं चलन, नवा मार्क आला, आणि सिगारेट पुन्हा ओढायची वस्तू झाली. नमस्कार.