‘स्लो झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

मालवणमधल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.

नमस्कार मंडळी. समोर तारकर्ली-देवबागचे होमस्टेवाले दिसतायत, शाळेतले शिक्षक आहेत, पेन्शनीतली मंडळी आहेत आणि आंब्याच्या हंगामात रात्री जागून ऑर्डरींचा हिशेब मांडणारे बागायतदारही आहेत. तुमच्याकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: “लॅपटॉप स्लो झालो हा, बघा जरा.” या एका वाक्यामागे निदान चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकावरचा खर्च वेगळा असतो. इथून मशीन कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवायची वेळ आली, तर नेमकं काय बिघडलंय हे तुम्हाला शब्दांत सांगता यायला हवं. नाहीतर जे बदलायची गरज नव्हती, तेही बदलून येतं. म्हणून आज हे शब्द नीट समजून घेऊ.

दुकानदार म्हणतो, “आठ आणि पाचशे बारा.” यातले ८ जीबी म्हणजे रॅम आणि ५१२ जीबी म्हणजे साठवण, बहुधा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क. दोन्हीला सर्रास ‘मेमरी’ म्हटलं जातं आणि घोटाळा तिथेच होतो. साठवणीत तुमचे फोटो, बिलं, प्रश्नपत्रिका मशीन बंद असतानाही राहतात. रॅममध्ये फक्त आत्ता उघडलेलं काम असतं आणि वीज तुटली की ती रिकामी होते. फोटो मावत नसतील तर रॅम वाढवून काहीही उपयोग नाही. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडल्यावर मशीन अडखळत असेल, तर मोठी डिस्क घेऊन उपयोग नाही.

मग ओळखायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’ हा भाग बघा. मशीन अडकलेलं असतानाच बघा, नंतर नाही. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असते, म्हणून सगळं रखडतं. मेमरी मोकळी आहे, पण डिस्क सतत शंभर टक्क्यांवर आहे आणि मशीनमध्ये फिरणारी जुनी हार्ड डिस्क आहे, तर तिच्या जागी एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपवर केलेला याच्याइतका सार्थकी लागणारा दुसरा खर्च मला माहीत नाही. सुरुवातीला मशीन नीट चालतं आणि पंखा जोरात फिरायला लागल्यावर संथ होतं, असं असेल तर ते थर्मल थ्रॉटलिंग: प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. तिथे आतली धूळ साफ करणं आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलणं एवढंच काम असतं. आणि मशीन ठीक आहे, फक्त इंटरनेट रखडतंय, हे चौथं कारण. आपल्याकडच्या जांभ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लवकर क्षीण होतं, २.४ गिगाहर्ट्झचं त्यामानाने लांब पोचतं. पडवीत बसून काम करणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

रॅमबद्दल विकत घेण्याआधीच विचारायचा एक प्रश्न आहे: “सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे?” हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, कायमची जोडलेली असते. तिथे पुढे वाढवायची सोय नाही, म्हणून परवडत असेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.

एसएसडीतही दोन जाती आहेत. साटावाली सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबी वाचते. एनव्हीएमईवाली साधी असली तरी तिच्या कितीतरी पुढे जाते. रोजच्या कामात हा फरक हार्ड डिस्क आणि एसएसडीमधल्या फरकाइतका जाणवत नाही. आणि ५१२ जीबी घेतली तर विंडोजमध्ये ४७६ का दिसतात, असा प्रश्न नेहमी येतो. फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ धरतं. डिस्क तीच, मोजमाप वेगळं.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवणार नाही. इंटेलच्या आय-फाइव्ह, आय-सेव्हन या आकड्याइतकीच त्याची पिढी महत्त्वाची. जुन्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा नव्या पिढीचा आय-फाइव्ह अनेकदा सरस ठरतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपसाठीच्या रायझन ७००० मालिकेत तर पहिला आकडा बाजारात आल्याचं वर्ष दाखवतो आणि आतली रचना किती नवी आहे ते तिसऱ्या आकड्यात असतं. ७५२०यू हा २०२३ च्या मालिकेतला, पण रचना जुन्या झेन-२ ची. शेवटचं अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा.

यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. मालवणच्या बंदरात दोन होड्या बाहेरून सारख्या दिसतात, पण इंजिन किती ताकदीचं ते आत बघावं लागतं, तसंच हे. एका यूएसबी-सीमधून चार्जिंग होईल, प्रोजेक्टरला चित्र जाईल. दुसऱ्यातून फक्त पेन ड्राइव्ह चालेल. शिक्षकांनी तर हे विचारून घ्यावंच.

आता विजेचं बघू, कारण आपल्या किनाऱ्यावर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. बॅटरी वॉट-अवरमध्ये मोजा. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि मशीन सरासरी १० वॉट खात असेल तर पाच तास. जाहिरातीतले तास विसरा आणि हा भागाकार करा. बॅटरी किती थकली हे कळण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. येणाऱ्या अहवालात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. लॅपटॉप कायम चार्जरला लावून वापरत असाल तर ८० टक्क्यांची मर्यादा घालण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू ठेवा. फक्त वादळाचा इशारा आला की ती काढून पूर्ण चार्ज करून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या गावांनी किती दिवस अंधारात काढले, ते तुम्हाला सांगायला नको. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलेली असू शकते. ते मशीन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका.

दुसरा चार्जर घेताना मागच्या चिठ्ठीवरचा आउटपुट वाचा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. विजा कडाडू लागल्या की, मग तो मेमधला वळीव असो वा ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, प्लग काढा आणि राउटरकडून येणारी नेटवर्क केबलही काढा. स्पाइक गार्डवर विसंबू नका, घराचं अर्थिंग नीट नसेल तर तो पुरेसं संरक्षण देऊ शकत नाही.

मशीनसोबतच्या माहितीपत्रकात एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही: सापेक्ष आर्द्रता अमुक ते नव्वद टक्के, नॉन-कन्डेन्सिंग. म्हणजे हवेत ओलावा चालेल, पण आत दव धरता कामा नये. जुलैमध्ये आपल्याकडची हवा नव्वदीच्या वर सहज जाते. एसीच्या थंड खोलीतून लॅपटॉप एकदम दमट पडवीत आणला की आत पाण्याचे बारीक थेंब धरू शकतात, आणि किनाऱ्यावरच्या धुळीत मीठ असतं. मीठ आणि पाणी मिळून बोर्डवरचं तांबं हिरवं पडायला लागतं. म्हणून बाहेर आणल्यावर थोडा वेळ तसाच राहू द्या, मग चालू करा. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे कपाटात बंद ठेवू नका. चालू मशीनच्या उष्णतेने आतला ओलावा निघून जातो.

शेवटचा शब्द एन्क्रिप्शन. हा सर्वांनी लिहून घ्या. विंडोज ११ च्या अनेक मशीनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की साठवण आपोआप कुलूपबंद होते. चोरी झाली तर हे चांगलंच. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तसं पुन्हा कुठे झालं आणि मदरबोर्ड गेला, तर एसएसडी शाबूत असूनही ती दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागते. ती नसेल तर कुठलाही तंत्रज्ञ तुमचे फोटो काढून देऊ शकत नाही. क्लाउडशी सिंक आहे, म्हणून निश्चिंत राहू नका. सिंकमध्ये इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते, फार तर काही दिवस रिसायकल बिनमध्ये राहते. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवरची, मशीनपासून सोडवून ठेवलेली प्रत. ती माळ्यावर किंवा उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवा.

आज घरी गेल्यावर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये रिकव्हरी की शोधा आणि ते ४८ अंक वहीत उतरवून घ्या. ज्यांना सापडणार नाही, त्यांनी लॅपटॉप घेऊन उद्या सकाळी इथेच या. आपण एकत्र बसून शोधू.